लिहायचे कोणत्या भाषेत?

टिनटिन, इन्स्पेक्टर मेग्रे आणि निळ्या रंगाचे स्मर्फ ही सारी बेल्जियमची लेकरे. हिरे आणि चॉकलेटसाठी आपल्याला ठाऊक असलेल्या या चिमुकल्या देशातल्या लेखकांना लेखणी उचलण्यापूर्वीच एक प्रश्न सोडवावा लागला. त्या प्रश्नाची आणि त्यातून जन्मलेल्या साहित्याची ही कहाणी.

घरात पुस्तकांची आवड असलेली मुले असतील, तर त्यांना एक कोडे घालून पाहा. कपाळावर केसांचा तुरा असलेला, पांढऱ्या कुत्र्याला घेऊन जगभर हिंडणारा टिनटिन कोणत्या देशाचा? बहुतेक मुले फ्रान्स म्हणतील, काही इंग्लंड म्हणतील. पाइप ओढत गुन्ह्यांचा छडा लावणाऱ्या मेग्रेचा जनक कुठला? उत्तर येईल, पॅरिसचा. आणि स्मर्फ? ते तर अमेरिकेचेच वाटतात!

अगाथा ख्रिस्तीचा मिशाळ गुप्तहेर एर्क्यूल प्वारो आपण फ्रेंच नसून बेल्जियन आहोत, हे कादंबऱ्यांतून पुन्हा पुन्हा सांगत असतो. पण समोरचे ऐकतील तर शपथ! पहिल्या महायुद्धात जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या, तेव्हा सुमारे अडीच लाख बेल्जियन माणसे इंग्लंडच्या आश्रयाला गेली. प्वारो हा त्या निर्वासितांपैकीच एक. १९२० साली आलेल्या पहिल्या कादंबरीत तो असाच एका इंग्लिश खेड्यात राहत असलेला भेटतो. बेल्जियन माणसाला फ्रेंच समजले जाण्याचा हा अनुभव तिथल्या लेखकांनाही चुकला नाही. त्याचे कारण त्या देशाच्या जन्मकथेत आहे.

ऑपेरातून पेटलेली क्रांती

बेल्जियमचे क्षेत्रफळ सुमारे साडेतीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम एक दशांश. एवढ्याशा मुलखात तीन अधिकृत भाषा नांदतात. उत्तरेकडील फ्लँडर्समध्ये डच बोलतात. तिच्या तिथल्या रूपाला फ्लेमिश म्हणण्याची पद्धत आहे. दक्षिणेकडील वॉलोनियात फ्रेंच, तर पूर्वेच्या कडेला एका लहान पट्ट्यात जर्मन. राजधानी ब्रुसेल्समध्ये रस्त्यांच्या पाट्या दोन-दोन भाषांत असतात. 'बेल्जियन' नावाची भाषा मात्र जगात कुठेच नाही.

हा प्रदेश शतकानुशतके परक्यांच्या ताब्यात होता. स्पेन, ऑस्ट्रिया, फ्रान्स असे एकामागून एक धनी झाले. १८१५ मध्ये तो डच राजाच्या पदरात टाकण्यात आला. २५ ऑगस्ट १८३० च्या रात्री ब्रुसेल्सच्या 'ला मोने' नाट्यगृहात एका ऑपेराचा प्रयोग होता. परकी सत्तेविरुद्ध नेपल्समधील कोळ्यांनी केलेल्या बंडाची ती कथा. रंगमंचावर देशप्रेमाचे गाणे सुरू झाले आणि प्रेक्षकांचे रक्त उसळले. जमाव घोषणा देत रस्त्यावर आला, दंगल झाली आणि थोड्याच आठवड्यांत बेल्जियम स्वतंत्र झाला. एका नाट्यप्रयोगाच्या रात्री क्रांतीची ठिणगी पडलेले देश जगात विरळच.

डच राजाला घालवून जन्मलेल्या या देशात डच भाषेचे पारडे हलके पडणे ओघानेच आले. शिवाय उच्च वर्ग, मग तो फ्लँडर्समधला का असेना, फ्रेंचच बोलत असे. १८३१ ची राज्यघटना फ्रेंचमध्ये लिहिली गेली. सरकारी कचेरी, न्यायालय, सैन्य, विद्यापीठ सगळीकडे फ्रेंच. निम्म्याहून अधिक प्रजेची भाषा मात्र फ्लेमिश. ती शेतावर, गोठ्यात आणि स्वयंपाकघरात बोलायची भाषा ठरली. अनेक शाळांत मुलांनी आवारात फ्लेमिश बोललेले खपवून घेतले जात नसे.

न कळलेला खटला

याची झळ किती पोचावी? यान कूक आणि पीटर खुथाल्स हे दोन फ्लेमिश मजूर पोटासाठी दक्षिणेत गेले होते. एका विधवेच्या खुनाचा आरोप त्यांच्यावर आला. खटला फ्रेंचमध्ये चालला आणि त्या दोघांना ती भाषा धड कळत नव्हती. १८६० मध्ये शार्लरुआ शहरात दोघांचा शिरच्छेद झाला. ते खरोखर दोषी होते की नव्हते, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. पण आपल्याविरुद्ध काय बोलले जात आहे हे न समजता माणूस मरणाला सामोरा जातो, ही गोष्ट फ्लेमिश मनाला कायमची बोचली. १८७३ मध्ये फ्लँडर्समधील फौजदारी न्यायालयांत डचच्या वापराचा कायदा झाला. १८९८ मध्ये कायद्यांच्या बाबतीत दोन्ही भाषांना समान दर्जा मिळाला. राज्यघटनेच्या डच मजकुराला कायदेशीर मान्यता मिळायला मात्र १९६७ साल उजाडले!

अशा वातावरणात फ्लेमिश घरात जन्मलेल्या आणि हाती लेखणी घेऊ पाहणाऱ्या तरुणापुढे एकच प्रश्न उभा राही: लिहायचे कोणत्या भाषेत? फ्रेंचमध्ये लिहिले तर पॅरिसची दारे उघडतील, पण शेजारपाजाऱ्यांना ते वाचता येणार नाही. फ्लेमिशमध्ये लिहिले तर शेजारी वाचतील, पण जगाला पत्ताही लागणार नाही.

ज्याने लोकांना वाचायला शिकवले

पहिले धाडसी उत्तर दिले हेंड्रिक कॉन्सियन्सने. त्याचा जन्म १८१२ चा, अँटवर्पचा. वडील फ्रेंच, आई फ्लेमिश आणि निरक्षर. वडिलांच्या भंगारमालात जुनी पुस्तकेही असत. त्या ढिगाऱ्यात बसून पोराने वाचनाची चटक लावून घेतली. १८३७ मध्ये त्याचे पहिले पुस्तक फ्लेमिशमध्ये आले. मुलाने असल्या गावंढळ भाषेत लिहावे, याचा वडिलांना इतका संताप आला की त्यांनी त्याला घराबाहेर काढले, असे सांगतात.

दुसऱ्याच वर्षी आली 'फ्लँडर्सचा सिंह' ही कादंबरी. ११ जुलै १३०२ रोजी कोर्त्रेक गावाजवळ फ्लेमिश विणकर, खाटीक आणि शेतकऱ्यांच्या पायदळाने घोड्यावरच्या फ्रेंच सरदारांची दाणादाण उडवली होती. मेलेल्या सरदारांच्या टाचांवरचे सोनेरी काटे गोळा करून चर्चमध्ये टांगले गेले, म्हणून ती 'सोनेरी काट्यांची लढाई'. त्याच वर्षीच्या ब्रुज शहरातल्या उठावाची एक आख्यायिका आहे. अंधारात शत्रू ओळखायचा कसा? समोरच्याला दोन फ्लेमिश शब्द उच्चारायला सांगायचे. ज्याची जीभ अडखळली तो फ्रेंच!

पाचशे वर्षांपूर्वीचा हा पराक्रम कॉन्सियन्सने घराघरांत पोचवला. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी जे केले, तसेच काहीसे हे काम. त्याने जवळपास शंभर पुस्तके लिहिली. त्याने आपल्या लोकांना वाचायला शिकवले, असे फ्लँडर्समध्ये आजही म्हटले जाते. ज्याची आई निरक्षर होती, त्याच्या वाट्याला याहून मोठा मान कोणता? १८८३ मध्ये त्याच्या मृत्यूपूर्वी काही आठवडे अँटवर्पमध्ये त्याचा पुतळा बसवण्यात आला. ११ जुलै हा आज फ्लँडर्सचा अधिकृत सण आहे. एका कादंबरीने लोकांना त्यांचा सण मिळवून दिला, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

त्याच्या वाटेवर इतरही आले. गिडो गेझेले हा ब्रुजचा धर्मगुरू शेतकऱ्यांच्या तोंडचे शब्द जपून गोळा करी आणि त्यांतूनच कविता रची. त्याचा भाचा स्टाइन स्त्रोव्हल्स खेड्यात पाव भाजायचा धंदा करता करता कथा लिहीत असे. पुढे 'अंबाडीचे शेत' या १९०७ च्या कादंबरीत त्याने एका शेतकरी बापाचा आणि कर्त्या झालेल्या मुलाचा संघर्ष रंगवला.

दिवाणखान्यात फ्रेंच, स्वयंपाकघरात फ्लेमिश

दुसरे उत्तर होते फ्रेंचचे. गंमत म्हणजे बेल्जियमच्या फ्रेंच साहित्याचे सोनेरी पान लिहिले ते मुख्यतः फ्लेमिश मातीतल्या लेखकांनीच.

शार्ल द कोस्टरने १८६७ मध्ये फ्लँडर्सच्या खट्याळ लोकनायकाची, म्हणजे उलेनस्पीगेलची कथा मुद्दाम जुन्या वळणाच्या फ्रेंचमध्ये लिहिली. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश राजवटीत या नायकाच्या बापाला पाखंडी ठरवून जिवंत जाळतात. मुलगा त्याची राख एका पिशवीत भरून छातीशी बांधतो आणि आयुष्यभर स्वातंत्र्यासाठी लढत हिंडतो. हे पुस्तक आज बेल्जियमचे अभिजात पुस्तक मानतात. द कोस्टरच्या हयातीत मात्र ते फारसे खपले नाही. १८७९ मध्ये तो गरिबीतच वारला.

गेंट शहरात सँत-बार्ब नावाची जेझुइट शाळा होती, अर्थातच फ्रेंच माध्यमाची. या एकाच शाळेने काही वर्षांच्या अंतराने तीन मोठे लेखक दिले. एमिल व्हेरहारेन हा कवी, 'मृत ब्रुज' ही उदास कादंबरी १८९२ मध्ये लिहिणारा जॉर्ज रोडेनबाख आणि तिसरा मॉरिस मेटरलिंक.

मेटरलिंक १८६२ साली गेंटच्या सधन घरात जन्मला. असल्या घरांतून दिवाणखान्यात फ्रेंच चाले, नोकरचाकरांशी फ्लेमिश. वकिलीचे शिक्षण घेतलेल्या या तरुणाने पहिले नाटक लिहिले, तेव्हा त्याला गेंटबाहेर कोणी ओळखत नव्हते. ऑगस्ट १८९० मध्ये 'ल फिगारो' या पॅरिसच्या वृत्तपत्रात ऑक्ताव्ह मिर्बो या लेखकाने त्याची तुलना थेट शेक्सपिअरशी केली आणि तो एका रात्रीत प्रसिद्ध झाला! १९११ मध्ये त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. बेल्जियमला मिळालेले साहित्याचे ते एकमेव नोबेल.

त्याचे सर्वांत लाडके नाटक म्हणजे 'निळा पक्षी'. १९०८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरमध्ये स्तानिस्लाव्हस्कीच्या दिग्दर्शनाखाली त्याचा पहिला प्रयोग झाला. तिलतिल आणि मितिल ही लाकूडतोड्याची दोन मुले. शेजारच्या आजारी मुलीला बरे वाटावे म्हणून सुखाचा निळा पक्षी शोधायला ती नाताळच्या आदल्या रात्री निघतात. आठवणींच्या प्रदेशात त्यांना मरण पावलेले आजी-आजोबा भेटतात. जिवंत माणसांनी आठवण काढली की आजी-आजोबा जागे होतात, एरवी झोपलेले असतात. पुढे भविष्याच्या राज्यात अजून न जन्मलेली मुले आपापल्या वेळेची वाट पाहत असतात. सगळीकडे हिंडून मुले रिकाम्या हाताने परततात. सकाळी पाहतात तर घरातल्या पिंजऱ्यातले त्यांचे पारवेच निळे झालेले! ते त्या आजारी मुलीला दिले जाते आणि तिच्या हातून उडून जाते. लहान मुलांना ही परीकथा वाटते. मोठ्यांना मात्र शेवटी एक आवंढा गिळावा लागतो.

मारी गेव्हर्स या लेखिकेची गोष्टही अशीच. १८८३ मध्ये अँटवर्पजवळच्या एका वाड्यात ती जन्मली. शाळेत गेलीच नाही. आईनेच तिला घरी फ्रेंच शिकवले. गावातल्या माणसांशी फ्लेमिश बोलायचे आणि लिहायचे फ्रेंचमध्ये, असे तिचे आयुष्यभर चालले. नदी, बंधारे, पाऊस आणि बागा यांनी तिच्या कादंबऱ्या भरलेल्या आहेत. १९३८ मध्ये बेल्जियमच्या फ्रेंच भाषा व साहित्याच्या राजकीय अकादमीवर तिची निवड झाली.

चीजचे दहा हजार गोळे

राजे-सरदारांच्या गोष्टी खूप झाल्या, आता एका कारकुनाची ऐका. अँटवर्पचा विलेम एल्सखोत हा जाहिरातीचा व्यवसाय करणारा गृहस्थ. खरे नाव अल्फोन्स द रिडर. १९३३ मध्ये त्याने डच भाषेत 'चीज' नावाची छोटीशी कादंबरी लिहिली. ती वाचताना आपल्या गिरगावातल्या किंवा सदाशिव पेठेतल्या एखाद्या कारकुनाची आठवण हटकून येते.

फ्रान्स लारमान्स हा जहाजबांधणी कंपनीतला पन्नाशीला टेकलेला कारकून. मोठ्या लोकांच्या बैठकीत बसताना त्याला आपल्या नोकरीची लाज वाटते. एका ओळखीच्या वजनदार माणसाच्या मध्यस्थीने त्याला ॲमस्टरडॅमच्या कंपनीची चीजची एजन्सी मिळते, तीही आख्ख्या बेल्जियम आणि लक्झेंबर्गसाठी! डॉक्टर असलेल्या भावाकडून तो आजारपणाचा दाखला घेतो आणि कचेरीतून लांब रजा काढतो. मग सुरू होते धंद्याची तयारी. कंपनीला भारदस्त नाव हवे, छापील लेटरहेड हवे, टेबल हवे, टाइपरायटर हवा. या खरेदीत दिवस निघून जातात. तिकडे गोदामात वीस टन चीज, म्हणजे लाल सालीचे दहा हजार गोळे येऊन पडलेले. ते विकायचे कसे, याचा त्याला पत्ताच नाही. चीजचा वाससुद्धा त्याला सहन होत नाही! हिशेब घ्यायला मालक दाराशी येतो, तेव्हा हा दार उघडत नाही.

शेवटी माल परत जातो आणि लारमान्स मुकाट्याने जुन्या टेबलावर रुजू होतो. सहकारी त्याला आजारातून उठल्याबद्दल भेटवस्तू देतात. घरी बायको-मुले चीजचा विषयसुद्धा काढत नाहीत. कित्येक महिने ती माउली चीज जेवणाच्या टेबलावर आणत नाही. कादंबरीभर हसणारा वाचक इथे गप्प होतो. प्रतिष्ठेच्या हव्यासाची फजिती तर आपण पुष्कळ वाचली, पण घरच्यांच्या अशा अबोल मायेचे चित्र क्वचितच वाचायला मिळते. एल्सखोत १९६० मध्ये वारला. त्याच्यामागून एका दिवसाच्या आत त्याच्या पत्नीनेही डोळे मिटले.

लिएजचा पोरगा

दक्षिणेकडील लिएज शहराने जगाला जॉर्ज सिमेनाँ दिला. जन्म १९०३ चा. तेरा तारखेच्या शुक्रवारी मध्यरात्र उलटल्यावर तो जन्मला. अपशकुन नको म्हणून घरच्यांनी नोंद आदल्या दिवसाची केली, असे सांगतात. आई घरातल्या खोल्या परदेशी विद्यार्थ्यांना भाड्याने देई. कोवळ्या वयातच तो स्थानिक वृत्तपत्रात बातमीदार झाला. पोलीस चौकी, न्यायालय, खानावळी, सामान्य माणसांची भांडणे हे सगळे त्याने तिथे पाहिले. १९२२ मध्ये तो पॅरिसला गेला आणि १९३१ पासून मेग्रेच्या कादंबऱ्या त्याच्या नावाने येऊ लागल्या. मेग्रेच्या पंचाहत्तर कादंबऱ्या आहेत. गुन्हेगार पकडण्यापेक्षा माणूस गुन्ह्यापर्यंत कसा पोचतो, हे समजून घेण्यात मेग्रेला अधिक रस असतो.

आईचे आणि सिमेनाँचे मात्र कधी फारसे जुळले नाही. मुलगा श्रीमंत झाला, आईला पैसे पाठवू लागला. आईने त्यातली पै न् पै साठवली आणि एकदा त्याच्याकडे आली असताना सगळी रक्कम त्याच्या हाती परत ठेवली. तिच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी, १९७४ मध्ये, त्याने 'आईस पत्र' हे पुस्तक लिहिले. शेकडो अनोळखी माणसांची मने वाचणाऱ्या लेखकाला स्वतःच्या आईचे मन वाचायला एवढा वेळ लागला.

चित्राला दुभाषा लागत नाही

ज्या देशात अर्ध्या लोकांची भाषा उरलेल्या अर्ध्यांना परकी वाटते, तिथे चित्रकथा फोफावल्या यात काय नवल! चित्र एकच काढायचे, फुग्यांतले शब्द बदलले की काम झाले. १९३८ मध्ये निघालेले 'स्पिरू' साप्ताहिक त्याच वर्षी डच रूपातही निघू लागले.

टिनटिन जन्मला १० जानेवारी १९२९ रोजी, एका वृत्तपत्राच्या मुलांच्या पुरवणीत. चित्रकाराचे नाव जॉर्ज रेमी. आद्याक्षरे उलटी केली, र आणि ग, की फ्रेंच उच्चार होतो 'एर्जे'. हाच त्याचा टोपणनावाचा शोध! डच वाचक टिनटिनला 'काउफ्ये', म्हणजे तुरेवाला म्हणतात. 'तिबेटमध्ये टिनटिन' या कथेत तो दिल्लीत उतरतो आणि कुतुबमिनार, लाल किल्ला पाहतो. १९७५ पासून 'आनंदमेला' या बंगाली नियतकालिकाने त्याला बंगाली मुलांच्या घरी नेले. कवी नीरेंद्रनाथ चक्रवर्तींच्या अनुवादात त्याचा कुत्रा 'कुट्टुस' झाला.

स्मर्फांचा जनक पेयो. एकदा जेवताना त्याला मीठ हा शब्द आठवेना, म्हणून त्याने मित्राकडे 'श्ट्रूम्फ' मागितला. त्या निरर्थक शब्दावरून १९५८ मध्ये या निळ्या बुटक्यांचे बारसे झाले. त्यांच्या डच नावावरून पुढे जगभर 'स्मर्फ' रूढ झाले. सत्तरच्या दशकातली त्यांची एक कथा आवर्जून वाचावी अशी आहे. गावाच्या उत्तरेकडचे स्मर्फ एका वस्तूला एक शब्द वापरतात, दक्षिणेकडचे दुसरा. त्यावरून वाद, मग मारामारी आणि शेवटी गावाच्या मधोमध रेघ! मुले पोट धरून हसतात. बेल्जियन आई-बापांना मात्र ती कोणाची टिंगल आहे, हे बरोबर कळते.

भाषाप्रेमाची काळी बाजू

या कहाणीत सगळेच उजळ नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने बेल्जियम व्यापला. जर्मन आपल्या भाषेला न्याय देतील, या आशेने काही फ्लेमिश राष्ट्रवादी नाझींना जाऊन मिळाले. युद्धानंतर त्यांना शिक्षा झाल्या, घराघरांत फूट पडली. या अवघड जागेच्या दुखण्यावर बोट ठेवले ते ह्यूगो क्लाउसने. १९८३ मधली त्याची 'बेल्जियमचे दुःख' ही महाकादंबरी एका छापखानेवाल्याच्या मुलाच्या डोळ्यांनी हे सारे पाहते. घरातली मोठी माणसे शत्रूशी तडजोड कशी करतात, ती कशी लपवतात आणि मूल त्यातून खोटे बोलायला कसे शिकते, याचे चित्रण वाचून अंगावर काटा येतो. खुद्द एर्जेनेही युद्धकाळात जर्मनांच्या ताब्यातील वृत्तपत्रात काम केले होते आणि १९४४ मध्ये देश मुक्त झाल्यावर त्याला अटकही झाली होती.

दुसरा डाग काँगोचा. १८८५ ते १९०८ या काळात आफ्रिकेतला हा अवाढव्य मुलूख राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होता. रबरासाठी तिथल्या लोकांचे अनन्वित हाल झाले. त्यानंतर १९६० पर्यंत काँगो बेल्जियमची वसाहत राहिला. काँगोतल्या टिनटिनच्या सुरुवातीच्या कथेत काळ्या माणसांचे जे चित्रण आहे, त्यावर आज कडक टीका होते आणि ती रास्तच आहे. डेव्हिड व्हान रेब्रूक या फ्लेमिश लेखकाने २०१० मध्ये काँगोचा बृहद् इतिहास लिहून देशाला त्याची आठवण करून दिली. स्वतःच्या भाषेसाठी न्याय मागणारा समाज दुसऱ्यावर अन्यायही करू शकतो, हे बेल्जियमच्या लेखकांनी आता लपवून ठेवलेले नाही.

सम आणि विषम पुस्तके

१९६२-६३ मध्ये बेल्जियममध्ये कायद्याने भाषांची सीमारेषा आखली गेली. भाषेची सीमा गावागावांतून कशी दुखत राहते, हे आपल्या सीमाभागातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ही रेषा लुव्हेनच्या जुन्या कॅथलिक विद्यापीठावर येऊन थडकली. शहर फ्लँडर्समध्ये, तर विद्यापीठाचा अर्धा भाग फ्रेंच. आंदोलने पेटली, १९६८ मध्ये सरकार पडले आणि विद्यापीठाची वाटणी ठरली. फ्रेंच विभागासाठी भाषिक सीमेपलीकडे नवे शहरच वसवण्यात आले.

आणि ग्रंथालय? १९१४ मध्ये जर्मन सैनिकांनी ते जाळले, तेव्हा सुमारे तीन लाख ग्रंथांची राख झाली होती. जगाच्या मदतीने ते पुन्हा उभे राहिले. १९४० मध्ये पुन्हा जळाले. दोन युद्धांतून सावरलेल्या या ग्रंथसंग्रहाची अखेर दोन भावांच्या भांडणात वाटणी झाली. सम क्रमांकाची पुस्तके एकीकडे, विषम क्रमांकाची दुसरीकडे!

रामस्कापेलहून रांचीला

या कहाणीचा एक धागा थेट आपल्या देशात येतो. पश्चिम फ्लँडर्समध्ये रामस्कापेल नावाचे खेडे आहे. नावातच 'राम' असलेल्या या गावी १९०९ मध्ये कामिल बुल्के जन्मले. लुव्हेनला अभियांत्रिकी शिकले, फ्लेमिश भाषेच्या चळवळीचे संस्कार घेतले, मग जेझुइट पंथात शिरले आणि १९३५ मध्ये भारतात आले.

इथे त्यांना काय दिसले? शिकलेली माणसे आपापसांत इंग्रजी बोलण्यात भूषण मानतात आणि स्वतःच्या भाषेबद्दल संकोच बाळगतात. हे दृश्य त्यांच्या ओळखीचे होते. फ्लँडर्समधल्या दिवाणखान्यांत त्यांनी तेच पाहिले होते. त्यांनी हिंदी, अवधी आणि संस्कृतचा ध्यास घेतला. अलाहाबाद विद्यापीठात प्रबंध इंग्रजीत लिहिण्याचा दंडक होता. बुल्के यांनी हिंदीतच लिहिण्याचा आग्रह धरला आणि विद्यापीठाला नियम बदलावा लागला. 'रामकथा : उत्पत्ति और विकास' हा तो ग्रंथ. मराठीसह भारतातल्या आणि भारताबाहेरच्या अनेक भाषांतील रामकथांचा शोध त्यात आहे. रांचीच्या सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी हिंदी शिकवली. १९६८ मध्ये त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश निघाला. विद्यार्थी आणि अनुवादक तो कोश अजूनही उघडतात. त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले, १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९८२ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले. २०१८ मध्ये त्यांच्या अस्थी रांचीला आणण्यात आल्या.

बुल्के यांनी फ्लेमिश मातीतल्या एका नाटककाराचे फ्रेंच नाटकही हिंदीत आणले. ते मेटरलिंकचे 'निळा पक्षी', हिंदीत 'नीलपंछी'. मेटरलिंकने फ्रेंच निवडली म्हणून फ्लँडर्सने त्याला टाकले नाही. बुल्के यांनी हिंदी निवडली म्हणून त्यांची मायबोलीही तुटली नाही. माणूस दोन भाषांत सुखाने राहू शकतो. त्यासाठी एक भाषा दुसरीपुढे मान खाली घालून उभी नसावी, एवढेच.

येत्या सुटीत मुलांच्या हाती टिनटिन द्याल, तेव्हा सोबत 'निळा पक्षी'ही ठेवा. त्याचा इंग्रजी अनुवाद सहज मिळतो. एखाद्या रात्री तो तुम्हीच त्यांना मराठीत सांगत वाचा. पिंजऱ्यातले पारवे निळे झालेले मुलांना दिसते, त्या पानाशी घाई करू नका. मुले नक्की काहीतरी विचारतील.